दोघांचं बजेट एक, शरीरं मात्र दोन

माझ्या एक जुन्या पेशंट आहेत. बीपीसाठी दर दोन महिन्यांनी येतात. मागे एकदा दिवाळीनंतर आल्या, तपासून झालं, चिठ्ठी लिहून झाली, तरी खुर्चीवरून उठेनात. मग म्हणाल्या, "डॉक्टर, मुलगा आणि सून नोकऱ्या सोडून आठ महिने परदेशात भटकायला निघालेत. पाठीवर बॅगा टाकून. हॉटेलातसुद्धा राहणार नाहीत, एका खोलीत आठ-आठ खाटा असतात म्हणे, तिथे राहणार. तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील."

मी म्हटलं, "पाठवा दोघांना. सांगतो."

शनिवारी दोघं आली. वय तेहतीस आणि एकतीस. त्याच्या हातात लॅपटॉप, त्यात एक्सेलची शीट. थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया, इंडोनेशिया आणि पैसे उरले तर पेरू-बोलिव्हिया. प्रत्येक देशाचा रोजचा खर्च, बसचं तिकीट, व्हिसाची फी, सगळं मांडलेलं. मी डॉक्टर, त्यामुळे माझी नजर एका ओळीवर गेली. "औषधं आणि डॉक्टर: 6,000 रुपये." दोघांचे मिळून, आठ महिन्यांचे. त्याच्याच खाली "कॉफी" अशी ओळ होती आणि तिथला आकडा याच्या दुप्पट होता!

मी त्यांना एकच प्रश्न विचारला. "तुमच्या दोघांत आधी कोण थकतं?"

तो म्हणाला, "ही." ती म्हणाली, "हा." दोघंही एकाच वेळी.

आजचा लेख या उत्तरावर आहे. अशी जोडपी आता दर महिन्याला एखाददुसरं तरी माझ्याकडे येतं. लग्नानंतर लगेच निघालेली तरुण असतात, तसेच निवृत्तीनंतर "आता नाही तर कधी" म्हणणारेही असतात. त्यांना काय सांगावं याबद्दल गेल्या काही वर्षांत माझं एक ठाम मत झालं आहे. ते आपल्यापुढे मांडतो.

मी "जा" असंच सांगतो

त्या आईंची निराशा झाली, पण मी मुलांना "जाऊ नका" म्हणालो नाही. लांबचा, सावकाश आणि स्वस्त प्रवास शरीराला वाईट असतो असं माझ्या अनुभवात नाही. उलट बारा दिवसांत सात देश उरकून आलेले पेशंट मी जास्त बघतो. पायांना सूज, पोट साफ नाही, बीपीच्या गोळ्या तीन दिवस चुकलेल्या, झोपेचं खोबरं. पाठपिशवी घेऊन निघालेलं जोडपं रोज आठ-दहा किलोमीटर चालतं, गरम भात, मासे, भाज्या, फळं खातं आणि रात्री दमून झोपतं. वाढलेलं पोट आणि वाढलेली शुगर दोन्ही खाली आलेली मी पाहिली आहेत.

लोकांचा एक गैरसमज असतो. स्वस्त म्हणजे धोक्याचं आणि महाग म्हणजे सुरक्षित. खाण्याचंच उदाहरण घ्या. बँकॉकच्या रस्त्यावर तुमच्यासमोर मोठ्या आचेवर परतून दिलेले वाफाळते नूडल्स हे चांगल्या हॉटेलातल्या, दोन तास कोमट राहिलेल्या बुफेपेक्षा पोटाला बहुतेक वेळा सुरक्षित असतात. जंतूंना श्रीमंत-गरीब कळत नाही, त्यांना तापमान कळतं. जिथे स्थानिक लोकांची गर्दी आहे, माल पटापट खपतो आहे आणि पदार्थ समोर तयार होतो आहे तिथे खुशाल खा. कापून ठेवलेली फळं, बर्फ कुठून आला ते माहीत नाही असं सरबत, कच्ची कोशिंबीर हे टाळा. पाण्याची खात्री नसेल तर ते एक मिनिट खळखळून उकळा. 2,000 मीटरच्या वरच्या गावात तीन मिनिटं, कारण उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं.

तेव्हा खाटेवर वाचवा, खाण्यावर वाचवा, टॅक्सीऐवजी लोकल बसने जा. माझी हरकत नाही. माझं भांडण आहे ते दुसऱ्याच बचतीशी. बजेटवर निघालेलं जोडपं जिथे सगळ्यात जास्त कंजूसपणा करतं ती गोष्ट म्हणजे थांबणं. तिकीट काढलंय, खोलीचे पैसे भरलेत, मग ताप असला तरी निघायचं. आणि आपल्याला बरं नाही हे जोडीदाराला सांगायचं नाही, कारण त्याची किंवा तिची मजा जाईल.

लुआंग प्राबांग ते हनोई

वरच्या जोडप्याचीच गोष्ट सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे.

निघून तीन महिने झाले होते. लाओसमधल्या लुआंग प्राबांगला असताना त्याला ताप भरला. अंग मोडून आलं, डोळ्यांच्या मागे दुखायला लागलं. तिसऱ्या दिवशीची हनोईची बस आधीच बुक केलेली होती. ही बस जवळजवळ चोवीस तास घेते, तीही डोंगरातल्या रस्त्याने. ती म्हणाली, थांबू या. तो म्हणाला, तिकीट फुकट जाईल, व्हिसाची तारीखही ठरलेली आहे, गोळी घेतो आणि बसमध्ये झोपतो.

हनोईला पोचल्यावर पाचव्या दिवशी ताप उतरला. त्याला बरं वाटलं. दोघं तळ्याकाठी फिरायला गेली, फो नावाचं नूडल्सचं सूप प्यायली. रात्री तिचा मला मेसेज आला. "डॉक्टर, ह्याचा ताप गेला, आता बरंय. फक्त पोट दुखतंय आणि तीन उलट्या झाल्या. पोटाचं काहीतरी असेल ना?"

मी ताबडतोब फोन केला आणि सांगितलं, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला ने. पोटाचं नाही, हा डेंग्यू असू शकतो.

आता इथे थोडं समजावून सांगायला हवं, कारण हा घोळ आपल्याकडेही घरोघरी होतो. आपल्याला वाटतं ताप म्हणजे आजार आणि ताप उतरला म्हणजे आजार गेला. डेंग्यूत उलटं असतं. पहिले तीन ते सात दिवस ताप असतो. ताप उतरायला लागतो त्या वेळेपासून पुढचे 24 ते 48 तास सगळ्यात नाजूक असतात. या काळात काही रुग्णांच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि रक्तातलं पाणी बाहेर, म्हणजे पोटात आणि छातीत, झिरपायला लागतं. आत राहिलेलं रक्त घट्ट होतं, बीपी पडतं. आपण सगळे प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतो, पपईच्या पानांचा रस शोधत फिरतो, पण पुष्कळदा खरा घात होतो तो या पाणी झिरपण्याने. म्हणून ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, खूप अस्वस्थ वाटणं किंवा ग्लानी येणं यांतलं एक जरी लक्षण दिसलं तरी हॉस्पिटल गाठायचं. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन नाही, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

आणखी एक. "आम्हाला भारतात डेंग्यू होऊन गेलाय, आता काय होणार" असं म्हणणारे बरेच भेटतात. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा एका प्रकाराचा होऊन गेला असेल आणि नंतर दुसऱ्या प्रकाराचा झाला, तर दुसऱ्या वेळी आजार जास्त गंभीर होण्याची शक्यता असते. म्हणजे आपला भारतीय असणं हे इथे कवच नाही. याला कॉलेजात असताना पुण्यातच डेंग्यू झाला होता.

तर ती त्याला घेऊन गेली. दवाखान्याच्या दारात त्याला चक्कर आली. बीपी बरंच खाली होतं. सलाइन चालू झालं, पाच दिवस ठेवलं, बरा झाला. पण त्या रात्रीचं तिने मला नंतर सांगितलं ते मी विसरू शकत नाही. इन्शुरन्सचा कागद त्याच्या ईमेलमध्ये. ईमेल त्याच्या लॅपटॉपवर. पासवर्ड त्याला माहीत, आणि तो ग्लानीत. त्याचा रक्तगट तिला माहीत होता, पण आधी डेंग्यू झाला होता हे माहीत नव्हतं. भाषा येत नाही. डिपॉझिट भरायला तिच्या कार्डाची परदेशातली मर्यादा पुरेना. चार तास ती एकटी त्या कॉरिडॉरमध्ये उभी होती.

यात माझीही चूक आहे आणि ती मला सांगायलाच हवी. डेंग्यूबद्दल मी त्या शनिवारी दोघांना सांगितलं होतं, पण बोलत होतो त्याच्याकडे बघून. कारण लॅपटॉप त्याच्याकडे होता, टिपून तो घेत होता. ती शेजारी बसली होती. ताप उतरल्यावर सावध राहायचं हे त्याने टाइप केलं आणि आजारी तोच पडला. ज्याला माहिती होती त्याचंच डोकं त्या रात्री चालत नव्हतं.

तेव्हापासून मी नियम केला आहे. जोडपं आलं की दोघांनी टिपून घ्यायचं. आणि प्रत्येकाशी दहा मिनिटं एकट्याने बोलायचं.

एकट्याने बोललं की काय निघतं

या दहा मिनिटांत मला जे कळतं ते जोडीने बसल्यावर कधीच कळत नाही. एकाला गर्दीत छाती धडधडून घाम येतो, पण बायकोला माहीत नाही. एकीला पाळीच्या आधी अर्धशिशी उठते, ती गोळी घेऊन नवऱ्याबरोबर डोंगर चढते. एकाचं बीपी ऑफिसच्या तपासणीत वाढलेलं निघालं होतं, त्याने रिपोर्ट फाडून टाकला, कारण ट्रिप रद्द झाली असती.

आपल्या माणसाला त्रास नको म्हणून लपवायचं. यात प्रेम असतं, मी नाही म्हणत नाही. पण घरी असताना लपवलेली गोष्ट चार दिवसांनी आई, शेजारी, ऑफिसातला मित्र, कोणाच्या तरी लक्षात येते. परदेशात तुम्हाला बघणारं माणूस एकच असतं. त्याच्यापासून लपवलं म्हणजे सगळ्या जगापासून लपवलं.

मी दुसऱ्यांना नावं ठेवत नाही. काही वर्षांपूर्वी मी आणि माझी पत्नी नेपाळमध्ये लांगटांगच्या खोऱ्यात गेलो होतो. क्यांजिन गोंपाला, म्हणजे सुमारे 3,800 मीटरवर, पोचलो त्या रात्री माझं डोकं ठणकत होतं. मी काही बोललो नाही. डॉक्टर ना मी! सकाळी पुढच्या टेकडीवर जायचं होतं. नाश्ता तसाच ठेवलेला पाहून पत्नी म्हणाली, "डोकं दुखतंय ना? पेशंटला काय सांगता तुम्ही?" आम्ही तो दिवस शेकोटीपाशी बसून काढला.

पेशंटला मी सांगतो ते असं. उंचीवर डोकं दुखलं तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळेच दुखतंय असं धरायचं. तरुण वय, रोजचा व्यायाम, मॅरेथॉनचं मेडल, यांतलं काहीही यापासून वाचवत नाही. 3,000 मीटरच्या वर रोजची झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा 500 मीटरहून जास्त वर नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम. त्रास असताना आणखी वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, किंवा सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता आलं नाही, तर फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी साठायला लागल्याचा धोका आहे. तेव्हा लगेच खाली उतरायचं, रात्र असली तरी. आणि आजारी माणसाला एकट्याने खाली पाठवायचं नाही.

पेरू-बोलिव्हियाला जाणाऱ्यांना हे आवर्जून सांगावं लागतं, कारण तिथे चढायचे कष्टच पडत नाहीत. लिमा समुद्रकाठी आहे. तिथून विमानात बसलं की तासा-दीड तासात कुस्को, 3,400 मीटर. ला पाझचा विमानतळ तर 4,000 मीटरच्याही वर आहे. आपल्या लेहपेक्षा उंच! काहींना आधीपासून अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी द्यावी लागते. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

दोघांची शरीरं उंचीला, उन्हाला, बसच्या प्रवासाला सारखी वागत नाहीत. आज ही दमेल, उद्या तो. म्हणून "आपल्यात कोण कमजोर" हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते "आज कोणाला बरं नाही?" आणि त्या दिवसाचा वेग त्या माणसाने ठरवायचा. रोज सकाळी चहाबरोबर एकमेकांना हे विचारायची सवय लावा. बोलायला सोपं जावं म्हणून दहापैकी किती मार्क, असं विचारा. "बरी आहे" म्हणणारी बाई "पाच" म्हणाली की खरं कळतं.

जोडप्यांचे काही खास प्रश्न

पहिला, लघवीचा. रात्रीच्या बसला शौचालय नाही किंवा असून वापरण्यासारखं नाही, म्हणून बायका दुपारपासून पाणी पीत नाहीत. दोन दिवसांनी जळजळ, ओटीपोटात दुखणं, मग ताप. नवऱ्याला वाटतं ही उगाच थांबायला सांगते. अहो, तुम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून मोकळे होता, तिला ते नाही. शक्यतो दिवसाचा प्रवास निवडा, लांब टप्पा दोन तुकड्यांत करा.

दुसरा, पायातल्या रक्ताच्या गाठीचा. चार तासांहून जास्त वेळ एका जागी बसून प्रवास केला की हा धोका वाढतो, मग ते विमान असो, बस असो की रेल्वे. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, लठ्ठपणा, नुकतंच झालेलं ऑपरेशन यांनी तो आणखी वाढतो. दर दोन तासांनी उठा, घोटे हलवा, पाणी प्या. एकाच पोटरीत दुखून सूज आली, तर मालिश करू नका, डॉक्टरांना दाखवा.

तिसरा, गर्भनिरोधक गोळ्यांचाच. गोळी घेतल्यावर तीन-चार तासांत उलटी झाली तर ती गोळी गेली नाही असं समजा. एक दिवसाहून जास्त जोराचे जुलाब झाले तरी गोळीचा भरवसा नाही. तेव्हा सोबत निरोध ठेवा. घरी परतल्यावर बाळाचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट. झिकाचा विषाणू डासातून येतो, पण शरीरसंबंधातूनही जातो. झिका असलेल्या भागातून आल्यावर पुरुषाने तीन महिने आणि स्त्रीने दोन महिने थांबायचं असतं. जास्तीचा काळ पुरुषाचा आहे हे बहुतेकांना माहीत नसतं.

चौथा, दोघांना एकदम जुलाब होण्याचा. एकाच ताटातलं खाल्लेलं असतं. दोघं अंथरुणावर आणि पाणी आणून द्यायला कोणी नाही. म्हणून ओआरएसची पाकिटं बॅगेत तळाशी नको, वरच्या कप्प्यात हवीत. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी या मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले. आजही जुलाबावर याहून मोठं औषध नाही. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर एक लिटर पाण्यातच घाला, ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट नको. प्रवासातले बहुतेक जुलाब काही दिवसांत आपोआप थांबतात. रक्त पडलं, मोठा ताप आला किंवा पाणीही पोटात ठरेना, तर डॉक्टर. अँटिबायोटिक आपल्या मनाने पहिल्या जुलाबाला सुरू करू नका.

आणि पाचवा, चोवीस तास एकत्र राहण्याचा. घरी तुम्ही दिवसातले दहा तास वेगळे असता. इथे एकच खोली, एकच पिशवी, एकच पैशाचं पाकीट. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात चिडचिड होणारच. याचा अर्थ लग्न मोडायला आलंय असा नाही. पुष्कळदा अर्धी चिडचिड झोपेची आणि भुकेची असते. आठवड्यातून एक दिवस वेगवेगळे फिरा. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आहे, झोप नाही, कशातच रस नाही असं असेल, तर ते दमणं नाही, नैराश्य असू शकतं. त्यावर उपाय पुढचं शहर नव्हे. डॉक्टरशी बोला, ऑनलाइन का होईना.

इथे पैसे वाचवू नका

लसी: टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि बी, धनुर्वात हे बघून घ्या. हिपॅटायटिस ए लहानपणी होऊन जातो असं आपण म्हणतो, पण फिल्टरचं पाणी पिऊन वाढलेल्या आताच्या पिढीला तो झालेला नसतो. रेबीजची लस मी आग्रहाने देतो. बालीत 2008 पासून रेबीज आहे आणि उबुडची माकडं चष्मे-खाऊ पळवताना चावतात, ओरबाडतात. आधी दोन डोस घेतलेले असतील (0 आणि 7 व्या दिवशी), तर चावल्यावर पुन्हा फक्त दोन डोस लागतात. घेतले नसतील तर जास्त डोस आणि खोल जखमेला इम्युनोग्लोब्युलिन लागतं. ते लहान बेटांवर मिळेलच असं नाही. लस घेतलेली असो वा नसो, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टर गाठा.

पीतज्वर: आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांतून भारतात परतताना लसीचं प्रमाणपत्र लागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. साठीच्या पुढे या लसीचे गंभीर दुष्परिणाम थोडे जास्त दिसतात, म्हणून आधी सल्ला घ्या.

इन्शुरन्स: किती दिवसांचा आहे ते वाचा. वर्षभराच्या काही पॉलिसी एका प्रवासाला ठरावीक दिवसच देतात. ट्रेकिंगची उंची, जुने आजार आणि स्कूटर ही तीन कलमं नीट बघा. तिथला वैध परवाना नसताना भाड्याची स्कूटर चालवून पडलात तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. पुण्यात हेल्मेट घालत नाही म्हणून तिथे घालायचं नाही असं करू नका. दोघं एकाच स्कूटरवर असता, पडताना दोघं पडता.

दारू: फुकटच्या पेगाला नाही म्हणा. नोव्हेंबर 2024 मध्ये लाओसच्या वांग व्हिएंगला मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटक गेले. मिथेनॉल वासाने, चवीने ओळखू येत नाही. पिऊन बारा-चोवीस तासांनी धूसर दिसणं, पोटदुखी, धाप सुरू झाली तर तो हँगओव्हर समजून झोपू नका.

पन्नाशीनंतर निघणाऱ्यांसाठी

तुम्हीही जा. फक्त सगळी औषधं मूळ वेष्टणात, चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव. आपल्या ब्रँडची नावं तिथल्या केमिस्टला कळत नाहीत आणि आपल्याकडच्या एकात-तीन गोळ्या तिथे मिळत नाहीत. अर्धी औषधं एकाच्या पिशवीत, अर्धी दुसऱ्याच्या. इन्शुलिन हातातल्या बॅगेत, सामानाबरोबर टाकू नका, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. जुलाब-उलट्या होत असताना शुगरच्या आणि बीपीच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, ते निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. इन्शुलिन मात्र आपल्या मनाने बंद करायचं नाही.

कोडीन, ट्रामाडॉल, झोपेच्या गोळ्या यांवर बऱ्याच देशांत कडक नियम आहेत. आणि मसाल्याचं पुडकं नेणाऱ्यांनो, खसखस सिंगापूरला आणि संयुक्त अरब अमिरातीत चालत नाही. विमान बदलायला तिथे उतरणार असाल तरी ती घरीच ठेवा.

थांबण्याचे पैसे

आता माझं मुख्य सांगणं. प्रवासाच्या बजेटमध्ये एक वेगळी रक्कम काढा. तिला औषधाचे पैसे म्हणू नका, "थांबण्याचे पैसे" म्हणा. पंधरा दिवस स्वच्छ, वेगळ्या खोलीत राहण्याइतके, दोन-तीन तिकिटं बुडवण्याइतके, आणि दोघांनाही कधीही घरी परतता येईल इतके. हे पैसे खर्च झाले तर ट्रिप फसली असं मानायचं नाही. महागड्या टूरवाल्याकडे पैसा असतो, वेळ नसतो. तुमच्याकडे पैसा कमी असेल, पण वेळ भरपूर आहे, आणि ताप, उंची, पोट, भांडण या चारही गोष्टींवर वेळ हे पहिलं औषध आहे. ते तुमच्या खिशात असताना बसचं तिकीट वाया जातं म्हणून घ्यायचं नाही, याला काटकसर कसं म्हणायचं?

आणि निघण्याआधी एक परीक्षा द्या. दोघांपैकी एकाने काहीच बोलायचं नाही. दुसऱ्याने इन्शुरन्सचा नंबर, रक्तगट, चालू औषधं, अ‍ॅलर्जी, आधीचे मोठे आजार, पासपोर्टची प्रत, पैसे आणि घरच्यांचा फोन हे सगळं दहा मिनिटांत काढून दाखवायचं. मग अदलाबदल. ज्याला जमलं नाही त्याची तयारी झालेली नाही. एका कागदावर लिहून दोघांच्याही पाकिटात ठेवा. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

परत आल्यावर तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना कोणकोणत्या देशात होतात ते आपणहून सांगा. मलेरिया राहून गेलेला असू शकतो.

ती दोघं सात महिन्यांनी परत आली. हनोईनंतर होइ आन नावाच्या गावात एका घरी पंधरा दिवस राहिली. पेरू-बोलिव्हिया झालं नाही, पैसे तिथे संपले. आल्यावर मला भेटायला आली तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टर, सगळ्यात छान तेच पंधरा दिवस होते. कुठेच जायचं नव्हतं." मी पुन्हा विचारलं, "मग, तुमच्यात आधी कोण थकतं?"

दोघं हसली. तो म्हणाला, "रोज विचारतो आता."

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. लसी आणि औषधं वय, आजार आणि देश पाहून ठरतात. निघण्याच्या निदान सहा ते आठ आठवडे आधी, दोघांनी मिळून, आपल्या डॉक्टरांना भेटा.)